सायबॉर्ग खलनायक पहिल्यांदा लिहिताय? त्याचा भूतकाळ आणि त्याच्या शक्ती कशा उभ्या करायच्या

विज्ञानकथा लिहायला घेतली की सायबॉर्ग खलनायक एकदा तरी लिहावासा वाटतोच, मलाही वाटला, आणि मी तो तीनदा लिहिला. पहिल्या खर्ड्यात त्याच्याकडे अकरा शक्ती होत्या, भिंतीपलीकडचं बघणं, गाड्या उचलणं, कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये घुसणं, सुचेल ते सगळं, आणि भूतकाळ म्हणून एक स्फोट होता, बस. मैत्रिणीला वाचायला दिलं, तिनं सगळं वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "याचा हात बिघडला तर हा कुणाकडे जातो गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना आणि मग लक्षात आलं की मी शक्ती एका वहीत लिहिल्यात आणि भूतकाळ दुसऱ्या वहीत, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाहीये. पुढचे दोन खर्डे त्या एका प्रश्नावर उभे राहिले आणि हा लेखही त्यावरच उभा आहे. जे नव्यानं लिहितायत त्यांचे तरी असे खर्डे पुन्हा पुन्हा लिहिण्यात जाणारे महिने वाचावेत.

आधी हाताशी काय ठेवायचं

- एक वही, शक्ती आणि भूतकाळ दोन्हींसाठी एकच. समोरासमोरची दोन पानं वापरा, डावीकडे भूतकाळातली घटना, उजवीकडे त्यातून आलेली शक्ती किंवा अडचण.
- माणसाच्या शरीराची साधी आउटलाइन, समोरून आणि मागून. त्यावर यंत्राचे भाग पेन्सिलनं काढायचे, पेननं नको, खूप वेळा खोडावं लागतं.
- शाळेच्या पातळीचं शरीरशास्त्राचं आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक. त्याहून जड काही लागत नाही.
- कॅलक्युलेटर.
- घटनांची टाइमलाइन, वयासकट. कुठल्या वर्षी काय बसवलं, काय काढलं, काय बदललं.
- जमलं तर कृत्रिम हात-पाय, पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानाच्या आत बसवलेलं यंत्र) वापरणाऱ्या एखाद्या माणसाशी गप्पा, अर्थात त्यांची इच्छा असेल तरच, आणि खलनायकासाठी विचारतोय हे आधी स्पष्ट सांगून.

१. सायबॉर्ग म्हणजे नक्की काय ते ठरवा

यंत्रमानव म्हणजे पूर्ण यंत्र. सायबॉर्ग म्हणजे जिवंत शरीर आणि यंत्र मिळून चालणारी एकच व्यवस्था. नवीन लेखक इथेच घसरतात, त्यांचा सायबॉर्ग बोलतो रोबोटसारखा, विचार करतो रोबोटसारखा, आणि मग तो माणूस होता याला काही अर्थच उरत नाही.

हा शब्द १९६० चा आहे. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी अंतराळप्रवासावरच्या एका लेखात तो वापरला. त्यांचं म्हणणं असं होतं की अंतराळात पृथ्वीसारखं वातावरण सोबत घेऊन जाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातच असे बदल करावेत की ते तिथे टिकेल, आणि महत्त्वाचं म्हणजे ही सगळी जुळवाजुळव शरीर आपोआप करेल, माणसाला त्याची जाणीवही होणार नाही, म्हणजे तो यंत्र सांभाळत बसण्यापेक्षा शोध घ्यायला मोकळा राहील. मूळ कल्पना माणसाला मोकळं करण्याची होती. खलनायक लिहिणाऱ्यासाठी सगळा माल इथेच आहे, कारण जे आपोआप होतं ते माणसाला न विचारता होतं. वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहा: माझ्या पात्राचं शरीर त्याला न विचारता काय काय करतं?

यातला सायबर हा भाग सायबरनेटिक्सवरून आलाय, म्हणजे यंत्रं आणि सजीव स्वतःवर नियंत्रण कसं ठेवतात त्याचं शास्त्र, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्या १९४८ च्या पुस्तकामुळे तो शब्द रुळला, आणि त्याचं मूळ सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक शब्दात आहे. सुकाणू कुणाच्या हातात, हे पात्र लिहिताना मी शंभर वेळा स्वतःला विचारलंय.

२. सुरुवात स्फोटापासून करू नका, दुरुस्तीपासून करा

स्फोट, अपघात, युद्ध यातलं काहीतरी येईलच, पण ते नंतर. आधी या प्रश्नांची उत्तरं लिहा, अगदी कोरडेपणानं, गोष्ट न रचता:

यंत्र कुणी बनवलं? पैसे कुणी भरले? कागदोपत्री ते भाग कुणाच्या मालकीचे आहेत? बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, किती दिवसांनी? आणि तो दुरुस्त करणारा उद्या नसला तर काय?

शेवटच्या प्रश्नावर थांबा, घाई करू नका. पेसमेकरचंच बघा. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये बसवला गेला आणि तो काही तासच चालला, मग दुसरा बसवला. तो रुग्ण पुढे २००१ पर्यंत जगला, आयुष्यभरात त्याला एकूण २६ पेसमेकर लागले, आणि ज्यानं ते यंत्र बनवलं आणि ज्यानं शस्त्रक्रिया केली त्या दोघांच्याही नंतर तो गेला. एक माणूस, २६ यंत्रं, ४३ वर्षं. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की सायबॉर्गचं आयुष्य एका ऑपरेशनमध्ये घडत नाही, ते पुढच्या शंभर फेऱ्यांमध्ये घडतं.

आणि याची दुसरी बाजूही खरी आहे. दृष्टी गेलेल्या लोकांच्या डोळ्यात बसवायचं ६० इलेक्ट्रोडचं, म्हणजे विजेचे हलके इशारे देणाऱ्या टोकांचं, एक इम्प्लांट होतं, जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते घेतलं, त्यांना उजेड, कडा, हालचाल एवढं तरी दिसायला लागलं, आणि मग बनवणाऱ्या कंपनीनं ते उत्पादन आणि त्याचा सपोर्ट बंद केला. डोळ्यात यंत्र आहे आणि ते बिघडलं तर बघायला कुणी नाही. यात कुणी राक्षस नाही, धंदा चालला नाही एवढंच कारण, पण त्या माणसांच्या जागी उभं राहून बघा. चीड, भीती, दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची शरम, सगळं इथे आहे आणि स्फोटाची गरजही पडत नाही.

३. भूतकाळ तीन तुकड्यांत लिहा आणि मधल्या तुकड्याला सगळ्यात जास्त पानं द्या

पहिला तुकडा यंत्राआधीचा. दुसरा, अपघात किंवा आजारापासून नवीन शरीर अंगवळणी पडेपर्यंतचा. तिसरा, शरीर वापरता यायला लागल्यानंतर घेतलेल्या निर्णयांचा. बहुतेक जण पहिला आणि तिसरा लिहितात आणि दुसऱ्याच्या जागी "काही महिन्यांनी" असं टाकून मोकळे होतात.

समजायला सोपं जावं म्हणून माझ्या तिसऱ्या खर्ड्यातली खलनायिका घेते, तिला सगळे कॅप्टन म्हणतात.

पहिला तुकडा: ती बचावपथकाची प्रमुख होती. इमारत कोसळली की ढिगाऱ्यावर सगळ्यांना गप्प करायचं, यंत्रं बंद करायची आणि खालून कुणी ठोकतंय का ते कान लावून ऐकायचं, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा स्लॅब खाली आला त्यात तिचे दोन्ही हात गेले.

मधला तुकडा लिहिताना मी खूप वाचलं. गेलेला अवयव अजून आहे असं वाटणं, त्यात वेदना होणं, मूठ घट्ट आवळलेली आहे आणि उघडतच नाहीये असं वाटत राहणं, हे खरोखर होतं. त्याला फँटम लिंब हे नाव सायलस वीअर मिचेल या डॉक्टरनं १८७१ मध्ये दिलं, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यानं हे पाहिलं होतं. पुढे १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी साधा आरसा वापरून काही रुग्णांना आराम मिळवून दिला, चांगल्या हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा, म्हणजे मेंदूला दोन्ही हात उघडमीट करताना दिसतात. आता कॅप्टनचे दोन्ही हात गेलेत, तिला आरशाचा उपयोग नाही. हे लक्षात आलं आणि मी तिच्यासाठी एक सीन लिहिला, ती रात्री सहकारी नर्सला समोर बसवून तिच्या हातांकडे बघत राहते, "उघडा, मिटा, परत उघडा" असं सांगत. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे असं मला वाटतं, आणि ते दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्यामुळे सुचलं, कल्पनाशक्ती ताणून नाही.

याच तुकड्यात शिकणंही दाखवा. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात, आणि त्यांना काम करायचं असतं कानातल्या आवाज टिपणाऱ्या जवळपास १५ हजार केशपेशींचं. चालू केलं की पहिल्याच दिवशी सगळं ऐकू आलं असं होत नाही, अनेकांना सुरुवातीला आवाज विचित्र, यांत्रिक वाटतात आणि मेंदूला ते आवाज उलगडायला महिने लागतात. तुमच्या पात्रालाही ते महिने द्या.

तिसरा तुकडा म्हणजे निर्णय. कॅप्टनचे हात बनवणारी संस्था बंद पडली. तसेच हात लावलेले चाळीस लोक, सुटे भाग थोडे. ती यादी करायला बसली, कुणाला आधी. सगळ्यांनीच तिला बसवलं, कारण आयुष्यभर ती हेच करत आली होती, कुणाला आधी बाहेर काढायचं. पहिला भाग तिनं एका मरणाऱ्या माणसाच्या संमतीनं घेतला. दुसरा, संमती द्यायच्या अवस्थेत नसलेल्याचा. तिसरा एका धडधाकट माणसाचा, जो तिच्या मते त्या हाताचं काही चीज करत नव्हता. इथे ती खलनायिका झाली, आणि बघा, पायऱ्या किती लहान लहान आहेत, वाचक पहिल्या दोन पायऱ्या तिच्याबरोबर चढतो आणि तिसऱ्यावर दचकतो.

इथला सगळ्यात मोठा सापळा: अवयव गेला म्हणून माणूस दुष्ट झाला, यंत्र बसलं म्हणून हृदय कोरडं पडलं. कृपया हे लिहू नका. कृत्रिम पाय लावून कामाला जाणारी, इम्प्लांटनं ऐकणारी माणसं तुमची गोष्ट वाचणार आहेत, आणि प्रत्येक गोष्टीत आपल्यासारखं शरीर फक्त दुष्टांनाच मिळतं हे त्यांना वर्षानुवर्षं दिसत आलंय. शिवाय गोष्ट म्हणूनही ते लंगडं आहे, कारण त्यात पात्रानं काही ठरवलेलंच नसतं. साधा उपाय म्हणजे तसंच शरीर असलेलं दुसरं एक पात्र ठेवा ज्यानं वेगळा निर्णय घेतला. माझ्याकडे त्या चाळीसमधला एक जण आहे जो आपला भाग स्वतःहून लहान मुलीला देतो. कॅप्टन त्याच्याकडे बघते तेव्हा तिच्याकडे सबब उरत नाही.

४. शक्ती निवडा, पण मोजक्या

एक मुख्य शक्ती, दोन छोट्या. अकराच्या तीन करताना मला फार जड गेलं, पण एकेक कापताना उरलेल्या जास्त ठळक होत गेल्या.

मुख्य शक्ती पहिल्या तुकड्यातल्या कामातून काढा. कॅप्टन ढिगाऱ्याखालचं ठोकणं ऐकायची, म्हणून तिच्या हातांना कंपनं कळतात. भिंतीवर पंजा टेकवला की पलीकडे कोण चालतंय, किती जण आहेत, कोण लंगडतंय हे तिला समजतं. लेसर वगैरे काही नाही, पण ती भिंतीवर हात ठेवते तेव्हा खोलीतली माणसं श्वास रोखतात.

नवीन शक्ती हवी असेल तर कल्पनेआधी खऱ्या प्रयोगांकडे बघा, तिथे जास्त चमत्कारिक गोष्टी सापडतात. ब्रिटिश संशोधक केव्हिन वॉरविक यांनी २००२ मध्ये स्वतःच्या हाताच्या मज्जातंतूत १०० इलेक्ट्रोडची पट्टी बसवून घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये बसून इंटरनेटवरून इंग्लंडमधला यांत्रिक हात हलवला. म्हणजे हात शरीराला जोडलेला असलाच पाहिजे असं नाही. यावरून एक अख्खा खलनायक निघतो ज्याचं शरीर एका जागी नाहीच, कुणाला हवा असेल तर घ्या.

५. प्रत्येक शक्तीचा हिशोब मांडा

इथे कॅलक्युलेटर लागतो. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे, पण या हिशोबातून इतके सीन सुचतात की मी ही स्टेप कधीच सोडत नाही.

ऊर्जा. माणूस दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी खातो, म्हणजे सुमारे २.३ किलोवॉट-तास. चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत किलोला साधारण २५० वॉट-तास मावतात, म्हणजे नुसतं साध्या माणसाएवढं दिवसभर चालायचं तरी नऊ-साडेनऊ किलोची बॅटरी अंगावर हवी. ती कुठे ठेवली? किती वेळानं चार्ज करतो? चार्ज होताना तो हलू शकतो का?

आता याच्या उलट बघा. एक टन वजन एक मीटर उचलायला जेमतेम ९.८ किलोज्यूल लागतात, तीन वॉट-तासांपेक्षाही कमी, मोबाइलच्या बॅटरीत याच्या पाचपट असतात. म्हणजे गाडी उचलताना ऊर्जा ही अडचणच नाही. अडचण खांद्याची आहे. लोखंडी हातानं गाडी उचलली तर तो सगळा भार हातातून खांद्यात, खांद्यातून मणक्यात, मणक्यातून पायात आणि पायातून जमिनीत जाणार, आणि वाटेत जे हाडामांसाचं असेल ते आधी तुटणार. शरीराच्या आउटलाइनवर पेन्सिलनं भाराची रेघ काढा, हातापासून जमिनीपर्यंत. जिथे रेघ मांसातून जाते तिथे तुमच्या खलनायकाची जखम आहे. कॅप्टनचे हात खांबासारखे भक्कम पण खांद्याचा सांधा तिचा स्वतःचा, म्हणून ती तुळई उचलत नाही, तुळईखाली शिरून ती कोपर जमिनीला टेकवून धरते. ही लकब मला हिशोबानं दिली.

उष्णता. आरामात बसलेलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं, एका जुन्या बल्बाएवढी. मोटर आणि प्रोसेसर आत बसवले तर त्यांची उष्णता त्यात मिळवा. शरीर ३७ अंशांवरून ४१-४२ वर गेलं की जीवावर बेततं, म्हणून लढाई लांबली की सायबॉर्गला थांबायलाच पाहिजे, पाण्यात शिरायला पाहिजे, काहीतरी करायला पाहिजे. दहा मिनिटांची पळापळ लिहिताना घड्याळ लावा.

वजन. सांगाड्याचं वजन शरीराच्या साधारण १५ टक्के, ७० किलोच्या माणसात दहा-साडेदहा किलो. स्टील हाडाच्या सुमारे चौपट घन आहे, तेव्हा सगळा सांगाडा स्टीलचा केला तर तीस किलो वाढले आणि माणूस पाण्यात दगडासारखा तळाला गेला. टायटॅनियम बरंच हलकं आहे आणि त्याला हाड चिकटून वाढतं, दातांची इम्प्लांट त्याचीच करतात, म्हणून शक्यतो तेच घ्या.

वेग. दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. यंत्राचा हात स्वतःच्या सेन्सरवर चालला तर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात हलेल. छान वाटतं, पण मग मालकिणीला कळायच्या आत हात हललेला असेल. पहिल्या स्टेपमधला प्रश्न आठवतोय ना? कॅप्टनच्या हातानं एकदा झोपेत शेजारच्याचं मनगट पकडलं, सोडेपर्यंत हाड मोडलं होतं. हे तिनं केलं की हातानं? तिच्या टोळीत यावर भांडण होतं आणि ती स्वतः गप्प बसते.

डोळे. उष्णता बघणारा डोळा दिला असेल तर एवढं पक्कं लक्षात ठेवा, साध्या काचेतून ती उष्णता पार होत नाही. थर्मल कॅमेऱ्याला खिडकीची काच भिंतीसारखीच, उलट त्यात समोरच्याचंच प्रतिबिंब दिसतं. भिंतीपलीकडची माणसं लाल ठिपक्यांसारखी दिसतात हे तर सोडूनच द्या. पण काचेमागे उभा राहिलेला माणूस खलनायकाला दिसत नाही, हा केवढा सुंदर सीन आहे, तो फुकट घालवू नका.

मेंदूतली चिप. सगळ्यात जास्त फेकाफेक इथे होते. मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी, आणि संशोधनात बरीच वर्षं वापरलेली पट्टी चार मिलिमीटरची, त्यावर शंभरच्या आसपास सुया. एवढ्यावर रुग्णांनी कर्सर हलवला, यांत्रिक हात हलवला, हे थोर आहे, पण त्यातून मनातले सगळे विचार वाचता येत नाहीत. आणि मेंदू त्या सुयांभोवती हळूहळू व्रण तयार करतो, सिग्नल कमकुवत होत जातो. खलनायकाची शक्ती दर वर्षी थोडी थोडी कमी होतेय आणि हे फक्त त्यालाच माहितीये, यावर एक कादंबरी निघेल.

६. कच्चा दुवा भूतकाळातूनच काढा

वायरलेस वैद्यकीय यंत्रं हॅक होऊ शकतात हे २००८ मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेत करून दाखवलं. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदयातल्या यंत्राची वायरलेस सोय डॉक्टरांनी याच भीतीनं बंद करून ठेवली होती. २०१७ मध्ये अमेरिकेत जवळपास ४ लाख ६५ हजार पेसमेकरना सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं. तेव्हा हॅकिंग खोटं नाही.

पण शेवटी नायक लॅपटॉप उघडतो, चार ओळी टाइप करतो आणि खलनायक कोसळतो, हे करू नका. वाचकानं तीनशे पानं त्या माणसाबरोबर काढलेली असतात. एकदम सगळी वीज घालवणारा बाँब, पाण्यात ढकलणं, हेही तसंच.

कच्चा दुवा असा हवा की तो शक्तीला चिकटूनच आला असेल. कॅप्टनला कंपनं कळतात, पण तिच्या स्वतःच्या हातांच्या मोटरही कंप पावतात, म्हणजे ती हलत असेल तेव्हा तिला काहीच ऐकू येत नाही. ऐकायचं तर पूर्ण स्थिर उभं राहायला हवं, ढिगाऱ्यावर राहायची तसंच. हे मी पहिल्यांदा पन्नासाव्या पानावर दाखवलं, नुसतं ती बोलता बोलता थांबते एवढंच. नंतर एकदा तिची टोळी तिच्यासाठी आपोआप गप्प होते. तिसऱ्यांदा कुणीतरी मुद्दाम आवाज करतं आणि ती पहिल्यांदा घाबरलेली दिसते. निदान तीनदा पेरा, त्यातलं पहिलं इतकं हलकं की वाचकाला शेवटीच आठवावं.

७. माहिती एकदम ओतू नका

पहिल्या एन्ट्रीला यंत्राचं वर्णन करायचा मोह आवरा. माझ्या आधीच्या खर्ड्यात असं होतं: "तिचे दोन्ही हात अत्याधुनिक टायटॅनियमचे होते आणि त्यात कंपनं ओळखणारे शेकडो सेन्सर बसवले होते." आता असं आहे: "कॅप्टननं भिंतीला पंजा टेकवला. खोलीतलं बोलणं तुटलं, कुणीतरी पंखाही बंद केला. 'तिघं आहेत,' ती म्हणाली, 'एकाच्या पायात बूट नाही.'" सेन्सर हा शब्द आला नाही तरी सगळं कळलं.

बाकी छोट्या खुणा पुरतात. खुर्ची करकरते. हस्तांदोलन करताना समोरचा आधी हाताकडे बघतो मग चेहऱ्याकडे. थंडीत धातू जोडलेल्या जागी चोळलं जातं.

८. भाषेकडे लक्ष द्या, मराठीत इथे खूप काही करता येतं

तिला तिच्या हाताबद्दल बोलताना कुठला शब्द वापरावासा वाटेल? कृत्रिम हात डॉक्टर म्हणतील, यांत्रिक हात बातमीवाले म्हणतील, ती स्वतः नुसतं "हात" म्हणेल किंवा कधीच नाव घेणार नाही. हे ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

दुसरं म्हणजे आपल्याकडे तो, ती, ते आहे. माणूस असताना ती "ती" असते, यंत्र ठरली की "ते" होते. कॅप्टनच्या फाइलमध्ये संस्थेचा इंजिनिअर आधी "त्यांना त्रास होतोय" असं लिहितो, वर्षभरानं "तिला", आणि शेवटच्या नोंदीत "ते परत मागवून घ्यावं". वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. तसंच अहो-जाहो आणि अरे-तुरेचं. जुन्या पथकातली माणसं तिला "कॅप्टन, तुम्ही" म्हणतात, फक्त ती नर्स तिला एकेरीत हाक मारते, आणि ज्या दिवशी नर्सही "तुम्ही" म्हणते त्या दिवशी कॅप्टनला कळतं की आपण काय झालोय.

आणि सायबॉर्ग आहे म्हणून तुटक, भावनाशून्य वाक्यं देऊ नका. गळ्यात यंत्र नाही तर बोलणं का बदलावं?

९. वाचायला द्यायच्या आधी

टाइमलाइन आणि शक्तींची पानं समोरासमोर ठेवा. उजव्या पानावरच्या प्रत्येक शक्तीपासून डाव्या पानावरच्या एका घटनेपर्यंत रेघ ओढता आली पाहिजे. जिला रेघ नाही ती शक्ती काढून टाका, कितीही आवडती असली तरी. आणि डावीकडे अशी एखादी मोठी घटना उरली जिच्यातून काहीच निघालं नाही, तर तिथे अजून खोदा, माझ्या अनुभवात बरेचदा तिथेच काहीतरी दडलेलं असतं.

मग एक शेवटचं काम. खलनायकाच्या आठवड्यातल्या देखभालीचं एक पान लिहा. तो एकटा आहे, रात्र आहे, भाग उघडलेत, कुठलं हत्यार कुठल्या हातात धरलंय, दोन्ही हात यांत्रिक असतील तर एक हात काढल्यावर दुसरा कोण बसवतं, काय दुखतं, कुठल्या जागी हात लावायला त्याला आवडत नाही, कुठला भाग मूळचा त्याचा नाही आणि कुणाच्या शरीरातून आलाय. कॅप्टनचं ते पान लिहिताना मला कळलं की डाव्या मनगटातला तुकडा तिसऱ्या माणसाचा आहे, आणि ती तो भाग नेहमी सगळ्यात शेवटी पुसते.